विधेयक आत्ता नेमकं कुठे आहे? महाराष्ट्रात कायदा कसा बनतो आणि नागरिकाने कुठल्या टप्प्यावर बोलायचं

"म्हणजे कायदा झाला ना आता?" एखाद्या विधेयकाची बातमी आली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेवढ्याने कायदा होत नाही. विधानसभेने मंजूर केलं तरी होत नाही. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयकही वीस वर्षं फायलीत पडून राहू शकतं, आणि महाराष्ट्राने ते पाहिलेलं आहे.

हे बारकावे वकिलांपुरते आहेत असं मला वाटत नाही. बचत गट असो, शिक्षकांची संघटना असो की वनहक्कांवर काम करणारे कार्यकर्ते, अनेक चांगली माणसं चांगलं निवेदन घेऊन चुकीच्या दारात उभी राहतात. सूचना मागवण्याची मुदत संपल्यावर सूचना पाठवतात. विधेयक दिल्लीला गेलेलं असताना मुंबईत धरणं धरतात. विधेयक आत्ता कोणाच्या टेबलावर आहे हे आधी शोधा, मग लिहा. पुढे सांगितलेलं सगळं त्या शोधासाठी आहे.

आधी शब्द लावून घेऊ

शासन निर्णय म्हणजे ज्याला आपण जीआर म्हणतो तो. तो सरकारचा प्रशासकीय आदेश असतो. उद्या दुसरा काढून फिरवता येतो. विधेयक म्हणजे विधिमंडळापुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव. तो सगळे टप्पे पार करून आला की त्याला अधिनियम म्हणतात. अध्यादेश हा सभागृह चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आणखी एक छोटी खूण. विधेयकातल्या परिच्छेदाला 'खंड' म्हणतात आणि अधिनियम झाल्यावर त्याच परिच्छेदाला 'कलम'. तुमच्या निवेदनात योग्य शब्द असला की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की या माणसाने मूळ कागद वाचला आहे.

मंत्रालयातले महिने

विधेयकाचा जन्म सभागृहात होत नाही. तो मंत्रालयातल्या एखाद्या विभागात होतो. संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो, खर्च येणार असेल तर वित्त विभागाचं मत घेतो, विधी व न्याय विभाग मसुदा कायद्याच्या भाषेत बांधतो आणि मग टिपणी मंत्रिमंडळासमोर जाते. राज्याला हा विषय हाताळता येतो का, हेही इथेच तपासलं जातं. पोलीस, शेतजमीन, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यसूचीत आहेत. फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण, वनं हे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यांवर कायदा करता येतो. समवर्ती विषय असेल तर पुढे दिल्लीची वाट चालावी लागण्याची शक्यता आहे, हे याच टप्प्यावर ओळखून ठेवा.

माझ्या मते नागरिकांचं ऐकून घेतलं जाण्याची सर्वांत चांगली वेळ हीच असते आणि सर्वांत कमी वापरली जाते तीही हीच. मसुदा अजून कोणाच्या प्रतिष्ठेचा विषय झालेला नसतो. सभागृहात मंत्र्याने शब्द बदलला की माघार घेतल्यासारखं दिसतं. विभागात सहसचिवाने तोच शब्द बदलला तर त्याची बातमीही होत नाही. म्हणून 'सरकार अमुक कायदा आणणार' अशी पहिली कुणकुण लागताच संबंधित विभागाच्या सचिवांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

सरकारबाहेरच्या आमदारालाही विधेयक मांडता येतं. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि त्यासाठी शुक्रवारचा वेळ राखलेला असतो. अशी विधेयकं मंजूर होणं फार दुर्मीळ. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल, तर राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला ते मंजूरच करता येत नाही (संविधानाचा अनुच्छेद २०७). तरीही मी ही वाट निरर्थक मानत नाही. विषय नोंदीवर येतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा आश्वासन घेऊन विधेयक मागे घेतलं जातं. ते आश्वासन सभागृहाच्या कार्यवाहीत छापलेलं राहतं.

विधेयक हातात आल्यावर काय वाचायचं

महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधेयक मांडण्याला 'पुरःस्थापना' म्हणतात. या क्षणी चर्चा होत नाही, फक्त मांडण्याची परवानगी घेतली जाते. पण विधेयकाची प्रत सर्वांसाठी खुली होते. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ती मिळते. राज्याचा कारभार मराठीतून चालत असल्याने विधेयक मराठीत असतं, सोबत अधिकृत इंग्रजी अनुवाद असतो.

बहुतेक जण पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि व्याख्यांच्या खंडात अडकतात. मी उलटं करायला सांगतो. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते आधी वाचा. सरकारला नेमकं काय साधायचं आहे ते तिथे साध्या भाषेत दिलेलं असतं. मग वित्तीय ज्ञापन पाहा, खर्च किती आणि कुठून होणार ते कळेल. तिसरा कागद फार महत्त्वाचा: वैधानिक अधिकार सोपवण्यासंबंधीचं ज्ञापन. कोणकोणत्या गोष्टी कायद्यात न लिहिता सरकार पुढे नियमांनी ठरवणार आहे, त्याची यादी त्यात असते. 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द विधेयकात जितक्या वेळा येतील, तितका निर्णय सभागृहाच्या हातून सरकारच्या हाती जातो आहे असं समजा. हे तीन कागद वाचून झाल्यावर व्याख्यांकडे वळा, आणि तिथे मात्र शब्द न् शब्द वाचा. कायदा कोणाला लागू होणार हे व्याख्येतच ठरतं.

चिकित्सा समिती: हे दार उघडलं तर सोडू नका

विधेयक मांडल्यावर सभागृह ते थेट विचारात घेऊ शकतं, जनमत अजमावण्यासाठी पाठवू शकतं किंवा चिकित्सा समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, सोपवू शकतं. दोन्ही सभागृहांचे सदस्य असलेली संयुक्त समिती नेमली जाते, तेव्हा विधेयक खऱ्या अर्थाने तपासलं जाण्याची शक्यता असते. समिती बंद दाराआड बसते, सदस्यांना सभागृहातल्या गोंगाटात बोलावं लागत नाही, आणि विभागाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारता येतात.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास यासाठी समजून घेण्यासारखा आहे. ते पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, जुनी विधानसभा संपली आणि प्रलंबित विधेयकही संपलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात ते नव्याने मांडून संयुक्त समितीकडे दिलं गेलं. समितीने जाहीरपणे सूचना व हरकती मागवल्या आणि बारा हजारांहून अधिक आल्या. जुलै २०२५ मध्ये समितीने सुचवलेल्या बदलांसह विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या बदलांनी समाधान झालं नाही असं म्हणणारे अनेक जण आहेत, आणि विधेयकाला विरोधही झाला. पण मूळ मसुदा आणि समितीनंतरचा मसुदा शेजारी ठेवून पाहा. लागू होण्याची व्याप्ती सांगणारे शब्दच बदललेले दिसतात. लोकांनी लिहिलं नसतं तर समितीपुढे ही चर्चा या ताकदीने झाली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

समितीला लिहायचं कसं? संताप समजण्यासारखा असतो, पण संतापाचं पत्र फायलीत जातं आणि तिथेच राहतं. प्रत्येक मुद्द्यासाठी चार ओळी पुरतात: खंड क्रमांक, विधेयकातले सध्याचे शब्द, त्याऐवजी तुम्ही सुचवत असलेले नेमके शब्द, आणि कारण, शक्यतो तुमच्या अनुभवातल्या एका प्रसंगासह. बदलाचे शब्द तुम्हीच लिहून दिले की कोणत्याही आमदाराला ते जसेच्या तसे दुरुस्ती म्हणून मांडता येतात. तोंडी बाजू मांडायची इच्छा असेल तर तसं पत्रातच लिहा.

तीन वाचनं आणि 'होय'चं बहुमत

मंजुरीचा टप्पा ऐकायला किचकट वाटतो, पाहायला सोपा आहे. पहिल्या वाचनात विधेयक विचारात घ्यावं की नाही यावर तत्त्वाची चर्चा होते. दुसऱ्यात खंडाखंडाने विचार होतो आणि दुरुस्त्या इथेच मांडल्या जातात. तिसऱ्यात विधेयक मंजूर करावं, एवढाच प्रस्ताव असतो. अध्यक्ष अनुकूल सदस्यांना 'होय' आणि प्रतिकूल सदस्यांना 'नाही' म्हणायला सांगतात, आवाजावरून 'होयचे बहुमत' जाहीर करतात. कोणी मागणी केली तर मतविभागणी होते. मतविभागणीचा फायदा असा की मतं मोजली जातात. आवाजी मतदानात तुमच्या आमदाराने काय केलं याचा मागमूस राहत नाही. एखाद्या विधेयकाबद्दल तुम्हाला खरोखर जाब विचारायचा असेल, तर मतविभागणी मागा असं आपल्या आमदाराला आधीच सांगा.

साध्या विधेयकाला उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत पुरतं, २८८ पैकी निम्म्याहून जास्त लागत नाहीत. गणसंख्या सभागृहाचा दहावा भाग किंवा दहा सदस्य, यांपैकी जी मोठी असेल ती. म्हणजे विधानसभेत किमान २९ आणि विधानपरिषदेत १० जण हजर असले की काम चालतं.

मी पहिल्यांदा प्रेक्षक गॅलरीत बसलो तेव्हा अधिवेशनाचा शेवटचा आठवडा होता. ज्या विधेयकासाठी आम्ही कित्येक महिने माहिती गोळा केली होती, ते अर्ध्या तासात मंजूर झालेल्या काही विधेयकांपैकी एक ठरलं. ते दुःख अजून आठवतं. त्या दिवसापासून मी सांगत आलो आहे की सभागृहातल्या दिवसावर भिस्त ठेवू नका. दुरुस्ती मांडायला तयार असलेला आमदार अधिवेशनाआधी गाठा. विधेयकाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तुमच्या आमदाराच्या पक्षाचा सदस्य त्या समितीत असेल तर जास्त वेळ मागण्याची विनंती त्याच्यामार्फत करता येते.

दुसरं सभागृह

गोव्यातल्या वाचकांना हा टप्पा लागत नाही. तिथे ४० सदस्यांची विधानसभा हे एकच सभागृह आहे. महाराष्ट्रात मात्र विधेयक ७८ सदस्यांच्या विधानपरिषदेत जातं. शिक्षकांचे, पदवीधरांचे, स्थानिक संस्थांचे आणि राज्यपालनियुक्त सदस्य इथे असतात, त्यामुळे विषयाचा जाणकार माणूस भेटण्याची शक्यता जास्त.

परिषद विधेयक अडवू शकते, पण कायमचं नाही. तिने फेटाळलं, तीन महिने मंजूरच केलं नाही किंवा विधानसभेला न पटणाऱ्या दुरुस्त्या केल्या, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेला एकच महिना मिळतो. त्यानंतर विधानसभेचं म्हणणं अंतिम. संसदेत असते तशी संयुक्त बैठकीची सोय राज्यात नाही. धन विधेयकावर, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा बाबींच्या विधेयकावर, परिषदेला फक्त १४ दिवस मिळतात आणि केवळ शिफारशी करता येतात.

कागदावर परिषद एवढी दुबळी असली, तरी वेळ ही मोठी ताकद आहे. जादूटोणाविरोधी विधेयक विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये मंजूर केलं होतं. परिषदेतून ते पार पडलं नाही. विधानसभेने मंजूर केलेलं आणि परिषदेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, असं अनुच्छेद १९६ सांगतो. २००९ मध्ये त्या विधानसभेची मुदत संपली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तुमच्या जिव्हाळ्याचं विधेयक प्रलंबित असेल, तर विधानसभेची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

राज्यपाल आणि त्यापुढे दिल्ली

दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. अनुच्छेद २०० प्रमाणे ते संमती देऊ शकतात, धन विधेयक नसेल तर संमती रोखून फेरविचाराच्या संदेशासह परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. परत आलेलं विधेयक सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं, तर राज्यपालांना संमती रोखता येत नाही.

किती दिवसांत निर्णय घ्यायचा हे संविधानात लिहिलेलं नाही. 'शक्य तितक्या लवकर' परत पाठवावं एवढंच आहे. पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं की राज्यपालांना विधेयकं अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मुदतीही घालून दिल्या. त्यानंतर राष्ट्रपतींनी मागितलेल्या मतावर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की न्यायालय अशा मुदती ठरवू शकत नाही आणि संमती मिळाली असं गृहीतही धरता येत नाही; मात्र कारण न देता दीर्घकाळ काहीच केलं नाही तर मर्यादित स्वरूपात दाद मागता येते.

राष्ट्रपतींकडे विधेयक का जातं? समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर तो राष्ट्रपतींच्या संमतीनेच त्या राज्यापुरता टिकतो (अनुच्छेद २५४). दिल्लीत संबंधित केंद्रीय मंत्रालयांची मतं घेतली जातात, शेरे राज्याकडे उत्तरासाठी येतात, आणि इथे वेळेचा काही नेम राहत नाही. महाराष्ट्राचीच तीन उदाहरणं घ्या. सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा लागू झाला. प्राणिरक्षण कायद्यातली गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली होती. तिला संमती मिळाली २०१५ मध्ये. महिला व मुलांवरच्या अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, पण संमतीअभावी ते अमलात आलं नाही.

विधेयक इथे अडलं असेल, तर मुंबईतल्या मोर्च्याचा उपयोग मर्यादित असतो. माहितीच्या अधिकाराखाली विधी व न्याय विभागाला फक्त तारखा विचारा: राज्यपालांकडे कधी पाठवलं, दिल्लीला कधी गेलं, केंद्राचे शेरे कधी आले, राज्याने उत्तर कधी दिलं. मजकूर मागितला तर नकाराची शक्यता वाढते, तारखा सहसा मिळतात. शेऱ्यांना राज्याने उत्तरच दिलेलं नाही असं आढळलं, तर तुमचं दार पुन्हा मंत्रालय आहे. ते काम झालेलं असेल तर आपल्या खासदाराला गाठा.

अध्यादेशाची वाट

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश म्हणून आला. एका माणसाचा जीव गेल्यावर दार उघडलं, हे लिहिताना आजही हात जड होतो. पावसाळी अधिवेशन संपलेलं होतं म्हणून अध्यादेश काढणं शक्य झालं. दोन्ही सभागृहं चालू असताना तो काढता येत नाही (अनुच्छेद २१३).

अध्यादेशाची ताकद कायद्याइतकीच, पण आयुष्य थोडं. सभागृहं पुन्हा भरली की सहा आठवड्यांत त्याचं अधिनियमात रूपांतर व्हावं लागतं, नाही तर तो संपतो. नागपूरला विधानसभेने १३ डिसेंबर आणि विधानपरिषदेने १८ डिसेंबर २०१३ रोजी विधेयक मंजूर केलं, तेव्हा हा कायदा पक्का झाला. अध्यादेश निघाला म्हणून आनंदाने घरी बसू नये ते यासाठी. ते सहा आठवडे सर्वांत जास्त पाठपुराव्याचे असतात.

सभागृह टाळून तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढत राहणं चालत नाही. ही गोष्ट देशाला पुण्याने शिकवली. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवल्याचं शोधून काढलं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ च्या निकालाने ही पद्धत घटनाबाह्य ठरली. ग्रंथालयात बसून केलेल्या चिकाटीच्या कामाचं हे फळ आहे.

राजपत्र, अंमल आणि नियम

संमतीनंतर अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो. शासन मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्रं पाहता येतात. पहिल्याच कलमात 'प्रारंभ' असतो, तो नीट वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर संमती राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून कायदा लागू. 'राज्य शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास' असे शब्द असतील, तर वेगळी अधिसूचना निघेपर्यंत वाट पाहावी लागते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, पण तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी.

त्यानंतर नियम. अर्ज कोणाकडे करायचा, फी किती, अपील किती दिवसांत, चौकशी अधिकारी कोण, ही माणसाला रोज भिडणारी सगळी उत्तरं नियमांत असतात. अनेक कायद्यांत नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करता येतात. म्हणजे सरकारला आधी प्रारूप नियम राजपत्रात छापून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. अधिसूचनेत शेवटची तारीख आणि निवेदन पाठवायचा पत्ता दिलेला असतो. समितीसाठी सांगितलेला चार ओळींचा नमुना इथेही वापरा, फक्त 'खंड'ऐवजी 'नियम क्रमांक' लिहा. निवेदन त्या तारखेच्या आत पोहोचलं पाहिजे. पोस्टाने पाठवत असाल तर आठवडाभर आधी टाका आणि त्याच दिवशी ईमेलही करा. नियमच झालेले नसतील तर विभागाला तसं लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे आमदारामार्फत अर्ज करा.